सीटवाला बाप

वडसा गावातल्या सायकल दुकानात दसरूनं सीटची दांडी नळीतून उपसून काढली, नाकाशी नेली आणि हसला.

"दादाजीभाऊ, हिले तेल लावून राह्यले का तुमी?"

"मी काऊन लावू?"

"खोबऱ्याचं आहे. घ्या, वास घ्या."

दादाजीनं वास घेतला. नाटक मंडळीचा मालक प्रवीण, त्याच्या भांगाला हाच वास होता.

तीस वर्षं दादाजीनं झाडीपट्टीच्या नाटकात लोकांना हसवलं. कधी बहिरा सावकार, कधी बायकोच्या लाटण्याखालचा नवरा. सात वर्षांमागं त्याची लेक रीना सासरी तापानं गेली, तेव्हा तो मंचावर गाढवासारखा ओरडत होता. निरोप आला होता. मंडळीनं तो पडदा पडेपर्यंत दाबून ठेवला. तेव्हापासून सोनीबाईनं नवऱ्याचं नाटक पाहिलं नाही.

यंदा पहिल्यांदा त्याला बापाचं काम मिळालं. बाप सायकलवर लेकीच्या गावी येतो, हँडलला हिरव्या लुगड्याची घडी, आणि अंगणात बाजेवर मेलेली लेक झाकलेली असते. चामोर्शीकडच्या पहिल्याच प्रयोगात नेमकं तिथं पोचल्यावर सीट खचकन खाली बसली. बापाचे गुडघे कानाला लागले. मांडव हसून लोळला. त्यानंतर दादाजी रोज बोल्ट आवळायचा आणि सीट रोज त्याच जागी बसायची.

आज प्रयोग त्याच्या स्वतःच्या गावात होता. सोनीबाई म्हणाली होती, "रडवसान तं येईन. हसवाचं असंन तं मी घरीच बरी."

दसरूनं दांडी रॉकेलनं पुसून कोरडी केली. "डबा हाय का पत्र्याचा, पातळ?" दादाजीनं पिशवीतून तोंडाला लावायच्या पावडरचा डबा काढला, उरलेली पावडर कागदात ओतली. दसरूनं डब्याची पट्टी कापली, दांडीभोवती गुंडाळली, नळीत ठोकली, पान्यानं बोल्ट आवळला. मग स्वतःच वर बसून दोनदा आदळला.

"आता हत्ती बसला तरी उतरत नाई."

गावात पोचल्यावर दादाजीनं मांडवाबाहेरचं पोस्टर पाहिलं. नाटकाच्या नावाहून मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : या, या, सीटवाला बाप पाहायला या!

"तेल तू लावत होता?" त्यानं प्रवीणला विचारलं.

"मीच लावत होतो नं भाऊ," प्रवीण मोकळेपणानं म्हणाला. "तुमची सीट पडते तं आपली मंडळी उभी आहे."

"आज नाई. माही बायको येऊन राह्यली."

"मंग तं अजूनच चांगलं. वहिनी बी हसन." त्यानं तळव्यानं सीट दाबून पाहिली. हलली नाही. "ठीक आहे. मी हात लावत नाई. पब्लिकचं तुमी पाहून घ्या."

पडदा उघडला. पेटीवाल्यानं सूर धरला.

*लेकीच्या गावाले गं, वाट तांबड्या मातीची*
*बापाच्या संगं आली, घडी हिरव्या लुगड्याची*

दादाजी मंचावर अर्धा फेरा मारून बाजेपाशी थांबला. सीट ताठ होती. मांडवात चिडीचूप. पुढं, बायकांच्या रांगेत, गोणपाटावर सोनीबाई बसली होती. तिनं पदराचं टोक दातांत धरलं होतं, आणि तिच्या गालावरून पाणी उतरत होतं. सात वर्षांचं पाणी. दादाजीनं लुगड्याची घडी हातात घेतली.

"बाई रीना..." तो म्हणाला. नाटकातल्या लेकीचं नाव हे नव्हतं.

"ओ सीटवाले! पाड ना बे!" मागून आवाज आला.

एक हसला, मग दहा. मग टाळ्यांचा ठेका लागला. "सीट! सीट! सीट!" एक चप्पल येऊन हँडलला लागली. पडद्याआडून प्रवीण हाताची घडी घालून बघत होता. चादरीखालून लेक झालेली ज्योत्स्ना पुटपुटली, "पडा नं भाऊ लवकर. मच्छर चावून राह्यले."

दादाजीनं अंगाचा भार सीटवर टाकला. दसरूचं काम पक्कं होतं. त्यानं पुन्हा टाकला.

"पैसे वापस करा!" कोणीतरी ओरडलं.

मग दादाजीनं गुडघे सैल सोडले. सीट जागची हलली नाही, दादाजीच तिच्यावरून मागं घसरला, चाकाशी आपटला, पाय वर केले आणि गाढवासारखा ओरडला.

मांडव फुटायचा बाकी राहिला.

सोनीबाई उठली. तिनं खालचं गोणपाट उचललं आणि घडी केली. बाजूची बाई डोळे पुसत, हसत तिचा पदर ओढू लागली, "बस ना वो, आता आनखी पडते तो!"

"वन्स मोर! वन्स मोर!"

खालून दादाजीला फक्त तिची पाठ दिसली, लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत जाणारी. हातातून पडलेलं लुगडं त्यानं उचललं, झटकलं, हँडलला अडकवलं आणि पुन्हा फेरा मारायला सायकलवर चढला.