पाठमोरी

अर्चनाने मायक्रोफिल्मच्या मशीनचा दांडा उलटा फिरवला आणि तीच ओळ तिसऱ्यांदा वाचली. 'ॲन, वय सुमारे सहा. टॉमस हार्डिंग, कातड्यांचा व्यापारी, याची मुलगी. आई अमेरिकेतली इंडियन बाई, बापाकडून शॉनी जमातीची, आईकडून चेरोकी. मृत.'

१७९३ सालचा बाप्तिस्मा. ब्रिस्टलजवळच्या खेड्यातल्या पाद्र्याने बापाचं नाव लिहिलं होतं, धंदा लिहिला होता, दोन साक्षीदारांची नावंही लिहिली होती. आईचं नाव मात्र नव्हतं. चार महिने ती ज्या पानामागे होती, ते पान हे असं निघालं.

ॲन म्हणजे तिच्या सासूच्या आजीची आजी. सासू, विनिफ्रेड, चौऱ्याऐंशी वर्षांची. मागच्या हिवाळ्यात तिचं हृदय थकलं, तेव्हा मुलाने तिला बर्मिंगहॅमला आपल्या घरी आणलं आणि पुढच्या खोलीत, खिडकीशी तिचा पलंग लावला. आठवड्याभरात एका सकाळी ती चहा घेता घेता शांतपणे म्हणाली होती,

"ती इथेही आलीय."

सातव्या वर्षापासून तिला एक बाई दिसायची. खिडकीपाशी उभी, पाठमोरी, केस कंबरेपर्यंत. विनिफ्रेडची आजी म्हणायची, घाबरू नकोस, आपल्यातलीच आहे, समुद्रापलीकडची. पण ती बाई कधी वळली नाही.

"नाव माहीत असतं तर हाक मारली असती," विनिफ्रेड म्हणाली होती. "आता फार दिवस उरले नाहीत माझे. एकदा तोंड बघायचंय."

डॉक्टरांनी वय म्हणून सोडून दिलं. अर्चनाचा नवरा, मार्टिन, आईसमोर मान डोलवायचा आणि बाहेर येऊन उसासा टाकायचा. अर्चनाला काही ते झटकून टाकता आलं नाही. ती हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात काम करायची. शुक्रवारची सुट्टी घेऊन ती जुनी दप्तरं धुंडाळायला लागली. अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या एका चेरोकी बाईंशी तिचा ईमेलवर पत्रव्यवहार सुरू झाला. त्या वंशावळी शोधून द्यायच्या. त्यांचं पहिलंच उत्तर दोन ओळींचं होतं.

'आमच्यात कूळ आईकडून येतं. बापाचे कागद बाजूला ठेवा. तिच्या आईची आई कोण, ते सांगा.'

ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. अर्चनाने पानाची प्रत काढून घेतली आणि ट्रेन पकडली.

घरी विनिफ्रेड उशीला टेकून बसली होती. तिने प्रत हातात घेतली, भिंग लावून सावकाश वाचली. मग भिंग चादरीवर ठेवलं.

"म्हणजे नाहीच."

"नाही. मला वाटलं, काहीतरी सांगून टाकावं तुम्हाला. एखादं नाव."

"बरं झालं नाही सांगितलंस. खोट्या नावाला ती वळली नसती."

अर्चना चहा करायला आत गेली. किटली लावली आणि तिला राहवेना. स्वयंपाकघराचं दार लोटून तिने नागपूरला फोन लावला. तिकडे आईची जेवणं आटोपली होती.

"आई, आजीचं, तुझ्या आईचं, माहेरचं नाव काय होतं गं?"

"जानकी की."

"ते सासरचं. तांदळात अंगठीने लिहिलेलं. त्याच्या आधीचं?"

 मागे टीव्ही चालू होता, तो आईने बंद केला.

"माहीत नाही बाई. तिची आई लहानपणीच गेली होती. माहेरचं कुणी कधी आलं नाही आपल्याकडे."

"तू कधी विचारलं नाहीस?"

"ती पोळ्या करायची, मी पाट मांडायची. विचारणार कधी?" मग बारीक आवाजात, "आता कोण सांगणार? सगळे गेले. तुला आज कसं काय सुचलं हे?"

"असंच," अर्चना म्हणाली. फोन ठेवल्यावरही ती ओट्याला धरून उभी राहिली. किटली कधीच बंद झाली होती. तिने ती पुन्हा लावली.

कप घेऊन ती खोलीत आली तेव्हा विनिफ्रेड खिडकीकडे बघत होती. बाहेर मार्चचं फिकट ऊन, शेजाऱ्यांचं कुंपण, वाळत घातलेले दोन टॉवेल.

"आज दोघी आहेत," विनिफ्रेड म्हणाली.

अर्चनाने कप खाली ठेवला. दार लोटलेलं होतं, आणि विनिफ्रेडला मराठीचं एक अक्षरही कळत नव्हतं.

"दुसरी ठेंगणी आहे. डोक्यावरून कापड घेतलंय, हिरव्या काठाचं. कोपराला पीठ लागलंय तिच्या." विनिफ्रेडने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "हीसुद्धा पाठ करूनच उभी आहे. हिचं नाव तरी तुला माहीत असेल."

अर्चना पलंगाच्या कडेला बसली. खिडकीत तिला टॉवेल दिसत होते, आणि काचेत स्वतःची पुसट आकृती. हाक मारायला तिने तोंड उघडलं. जानकी हे नाव ओठांशी आलं आणि तिथेच थांबलं. ते आजीचं स्वतःचं नव्हतं.

"आजी," एवढंच ती म्हणाली.

खोलीत काहीच हललं नाही. मग विनिफ्रेडचा थंड हात तिच्या मनगटाभोवती आवळला गेला.

"थांब," विनिफ्रेड म्हणाली. "उठू नकोस. ठेंगणी वळतेय."