कावळ्याची तार

देवमनच्या डोक्यावर कावळा बसला तो मँचेस्टरात, आणि चूल थंड पडली ती अकोल्यात.

तशी गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी होती आणि देवमननं ती घरच्या पत्रात हसतच लिहिली होती. तो बागेत बाकावर बसून पाव खात होता. कावळा आला, सरळ त्याच्या डोक्यावर बसला, हातातला तुकडा हिसकावला आणि उडाला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या मडमेनं हसत हसत आपल्या डब्यातली दोन बिस्किटं त्याला दिली. पुंजाजीनं हे मोठ्यानं वाचलं, स्वतःही हसला आणि मान वर करून पाहतो तर बायकोच्या, सुंदराबाईच्या तोंडावरचा रंग उडालेला.

पुंजाजी कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात फिटर होता. इथं बांधलेल्या गाठी पूर्वी आगबोटीनं मँचेस्टरला जायच्या, असं तो ऐकून होता. आता त्याचा एकुलता एक मुलगा अमरावतीच्या कॉलेजातून पहिल्या वर्गात पास होऊन, सरकारी शिष्यवृत्तीवर, त्याच गावी कापडाच्या धंद्याचं शिक्षण घ्यायला गेला होता. वस्तीतलं समुद्र ओलांडणारं हे पहिलंच पोरगं. छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर पुंजाजीनं घरातले देव टोपलीत भरले होते आणि ती टोपली सुंदराबाईनंच डोक्यावर घेऊन मोर्णा नदीच्या पाण्यात रिकामी केली होती. देव असे सोडता येतात. कावळा कुठं नेऊन सोडायचा?

जुन्या माणसांची समजूत अशी, की ज्याच्या डोक्यावर कावळा बसला त्याचं मरण जवळ आलं. त्यावर उतारा एकच. तो मेल्याची खोटी खबर जिवलगांना धाडायची. त्यांनी खरी समजून रडायचं. रडणं झालं की मरणाची भूक भागते आणि माणूस वाचतो. मग खरं काय ते सांगायचं, आंघोळी करायच्या आणि सगळ्यांनी मिळून गोड खायचं.

"त्याले लिवा," सुंदराबाई म्हणाली. "म्हना, तू मेल्याची तार कर. आमी इथी रडतो."

"डोकं फिरलं काय तुहं? कावळ्यानं कोनी मरत नाही. मरत असतं तं या वस्तीत मानूस उरला नसता, एवढे कावळे हायेत."

"मले नका शिकवू. लिवा."

पुंजाजीनं लिहिलं नाही. सुंदराबाईनं भांडण केलं नाही, फक्त जेवण सोडलं. नवऱ्याला वाढायची, त्याचं ताट उचलायची, आणि आपण पाण्याचा पेला घेऊन दारात बसायची. बाईमाणसाच्या उपाशी पोटापुढं भल्याभल्यांची तत्त्वं टिकत नाहीत. पुंजाजीनं अखेर शरमत शरमत पत्र लिहिलं: तुझ्या आईचा जीव थाऱ्यावर नाही, तिच्या समाधानासाठी एवढं कर, मी यात नाही. पाकीट चिकटवून तो उठला तर सुंदराबाईनं ते त्याच्या हातातून घेतलं.

"मीच टाकतो पेटीत," ती म्हणाली आणि पाकीट पदराखाली धरून निघाली. त्या दिवशी ती जेवली. पुंजाजीच्या मते प्रकरण तिथं मिटलं.

पुंजाजीला क्रिकेटचं वेड होतं, आणि ते कसं लागलं हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जवानीत तो साहेबलोकांच्या मैदानावर खेळपट्टीवरचा रूळ ओढायला जायचा. एकदा एका गोऱ्या साहेबानं चेंडू असा उचलून मारला, की तो लिंबाच्या झाडाच्याही वर गेला आणि तिथंच क्षणभर थांबल्यासारखा झाला. साहेब, त्यांच्या मडमा, वकील, पट्टेवाले, रूळ ओढणारे, सगळ्यांच्या माना वर आणि तोंडं उघडी. पुंजाजीच्या अंगावर काटा आला. एवढी माणसं एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघताना त्यानं कधी पाहिली नव्हती, आणि त्या क्षणी त्याच्याकडे कोणीच बघत नव्हतं, याचंच त्याला केवढं सुख झालं! मग चेंडू खाली आला, टप्पा खात त्याच्या पायाशी येऊन थांबला, आणि एक वकील ओरडला, "ए, हात लावू नको!" पुंजाजी उभाच राहिला. मेलेली गुरं ओढून, त्यांचं कातडं सोलून त्याच्या बापाचे हात झिजले, आणि त्याच कातड्याच्या चेंडूला पोराचा हात चालत नव्हता. असल्या देशाला काय म्हणावं?

ही गोष्ट त्यानं देवमनला लहानपणापासून इतक्यांदा सांगितली होती, की पोरानं मँचेस्टरहून पहिलं लांब पत्र लिहिलं ते त्याचंच उत्तर होतं. 'बाबा, मी मैदानाच्या कडेला गवतावर बसलो होतो. चेंडू दोरी ओलांडून माझ्याकडे आला. मी उठून मागं सरलो. कोणी येऊन उचलेल म्हणून वाट पाहिली. सवय, दुसरं काय! तर तो खेळाडू पळत आला आणि हात पुढं करून उभा राहिला. मी चेंडू उचलला आणि त्याच्या हातात दिला. तो थँक यू म्हणाला. बाबा, त्याचा हात घामेजलेला होता. तो घाम माझ्या हाताला लागला, आणि मला रडू आलं.'

ते पत्र पुंजाजीच्या खिशात घडीवर फाटलं, तरी त्यानं ते कारखान्यात कोणाला वाचून दाखवायचं बाकी ठेवलं नाही.

कावळ्याच्या पत्रानंतर आणखी एक पत्र आलं. कावळ्याचं त्यात अक्षर नव्हतं. घरचं पाकीट अजून वाटेत असेल, असं पुंजाजीनं धरलं. देवमननं लिहिलं होतं, की जुलैअखेर आपला संघ इथं कसोटी खेळायला येतोय, सोमवार-मंगळवारची तिकिटं काढली आहेत. 'रेडिओ लावा. आपल्याकडून काही चांगलं झालं तर असा ओरडेन, की अकोल्यात ऐकू जाईल.'

रेडिओ होता महादेवरावांच्या दुकानात. महादेवराव रेडिओ दुरुस्त करायचे, इंग्रजी जाणायचे, आणि पुंजाजीला बाकावर आपल्या शेजारी बसवायचे. त्या साली आपला संघ तिकडं नुसता मार खात होता. तीन सामने हरून झाले होते. सोमवारी अकोल्यावर आभाळ गच्च भरलेलं, विजा चमकत होत्या, आणि रेडिओतून खरखरीशिवाय काही येईना. महादेवरावांनी कान लावून लावून एवढंच काढलं, की तिकडंच विलायतेत कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या एका पोराला ऐनवेळी संघात घेतलंय, तो शंभराच्या जवळ येऊन ठेपला होता, आणि डोक्याला चेंडू लागून बाहेर गेला.

"मंग?"

"मंग काही आयकू येऊन नाही राहिलं, पुंजाजी."

पुंजाजी हात हलवत घरी आला. देवमन आज तिथं ओरडला असणार आणि आपल्याला ऐकू आलं नाही, याची त्याला फार चुटपुट लागली.

मंगळवारी दुपार कलल्यावर तार आली. तार इंग्रजीत होती, म्हणून पुंजाजी ती घेऊन दुकानाकडे निघाला, आणि हातातलं काम टाकून सुंदराबाईही मागोमाग आली. महादेवरावांनी तार वाचली, पुन्हा वाचली, आणि डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"सांगा ना जी."

"देवमन काल संध्याकाळी मोटार अपघातात..." महादेवरावांनी तार बाकावर ठेवली. "गेला म्हनते. वसतिगृहाच्या प्रमुखाची तार हाय. पत्र येते म्हनते."

पुंजाजी कलला. दाराची चौकट धरायला त्यानं हात घातला तो हवेतच राहिला. तेवढ्यात सुंदराबाईनं त्याला काखेत धरलं आणि ओरडली, "आली! अवो, आली त्याची कावळ्याची तार! आयकलं ना माह्या लेकरानं!"

"कावळ्याची?"

"आपुन नाही काय लिवलं त्याले? इसरले काय? रडा आता, उभे काहून राह्यले! रडा!"

पुंजाजी चौकट धरून नीट उभा राहिला. तरी तो पडला फिटर, प्रत्येक नट हलवून पाहणारा. त्यानं विचारलं, "सही दुसऱ्याची काहून?"

"मेलेला मानूस आपली तार आपनच करते काय?"

याच्यावर तो हसला. मोठ्यानं हसला. देव मोर्णेत सोडणारा पुंजाजी त्या दुकानाच्या पायरीवर कावळ्याला हात जोडायचा तेवढा राहिला होता. महादेवराव मात्र चष्मा हातात धरून सुंदराबाईकडे बघत राहिले.

घरी शेजारच्या बाया जमल्या. खोटं रडायचं हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं एकदोघी पदराआड हसतही होत्या. पण सुंदराबाईनं सूर धरला आणि त्यांचं हसू विरलं. ती जमिनीवर तळवे आपटून देवमनला हाका मारत होती. तो पाळण्यात असताना ज्या नावानं बोलवायची त्या नावानं. एक म्हातारी पुंजाजीला हळूच म्हणाली, "बाप्पा, मरन लाजून पळते आता." मग बायांनी हातपाय धुतले, सुंदराबाईनं गुळाचा शिरा केला, प्रत्येकीच्या हातावर घातला, आणि त्या खाऊन गेल्या.

"तुमी जा," ती नवऱ्याला म्हणाली. "खेळ सुरू झाला असन. तो ओरडून राह्यला असन तिथी. नाही आयकलं तं पुसन तुमाले."

आभाळ निवळलं होतं. रेडिओ स्वच्छ बोलत होता. पुंजाजी बाकावर बसला तसे महादेवराव म्हणाले, "पुंजाजी, आज रायू द्या. घरी जा. मले वाटते..."

"आवाज वाढवा, महादेवराव."

महादेवरावांनी वाढवला. मग त्यांना सांगावंच लागलं, की काल डोक्याला चेंडू लागून बाहेर गेलेला पोरगा आज परत मैदानात आला आहे. पुंजाजी ताठ झाला. पडलेला परत उठला! यापेक्षा वेगळी खूण ती काय पाहिजे? एकेक धाव होत गेली. पुंजाजीला इंग्रजी कळत नव्हतं, पण सांगणाऱ्याचा आवाज चढत गेला तसा तो बाकावरून उठत गेला. आणि मग तो गजर आला. समुद्रापलीकडून, हजारो गळ्यांचा, आपल्या एका पोराच्या शंभर धावांसाठी. दुकानातल्या त्या लाकडी खोक्यात मावेना असा. पुंजाजीच्या अंगावर पुन्हा काटा आला, लिंबाच्या वर गेलेला चेंडू पाहिला तेव्हासारखाच. आणि त्या गजरात, अगदी एका बाजूला, एक आवाज त्याला वेगळा ऐकू आला.

"तो! तो पाहा! देवमन!" तो ओरडला. "आयकलं काय, महादेवराव? माहा देवमन!"

महादेवराव रेडिओच्या बटनाकडे बघत म्हणाले, "हो. आयकलं."

पुंजाजी पळतच घरी आला. दिवेलागण होऊन गेली होती आणि घरात दिवा नव्हता. उरलेला शिरा पातेल्यात तसाच होता. सुंदराबाई भिंतीशी बसली होती, रडलेल्या तोंडानं, अंगावर तेच मातीनं भरलेलं लुगडं.

"काहून वो, आंघोळ नाही केली? अवं, आयकला म्या त्याचा आवाज! शंभर झाले अन् असा बोंबलला..."

तिनं त्याचं सगळं बोलून होऊ दिलं. मग म्हणाली, "म्या ते पत्र टाकलंच नाही."

"कोनतं पत्र?"

"कावळ्याचं. पेटीपाशी गेली. हात सुटेना. आपल्याच लेकराच्या मरनाची खबर माय मांगते काय? फाडून नालीत टाकलं."

पुंजाजीला समजायला वेळ लागला. "मंग दुकानात तू..."

"तुमी खाली पडत होते. जे सुचलं ते बोलली. मंग म्हटलं, आजचा खेळ आयकू द्यावा."

म्हणजे ती दुपारी जमिनीवर तळवे आपटत होती ते खरं होतं. आणि त्याच हातांनी तिनं गूळ फोडला होता, शिरा हलवला होता, बायांच्या हातावर घातला होता. पुंजाजी जिथं उभा होता तिथंच खाली बसला.

"टाकलं असतं तं वाचला असता," सुंदराबाई म्हणाली. "उतारा हाती होता अन् म्या नालीत टाकला. म्याच मारलं त्याले."

"नाही वो." पुंजाजी तिच्याकडे सरकला. महिन्यापूर्वी जे टिंगल करत म्हटलं होतं, तेच आता त्याला तिचा जीव वाचवायला म्हणावं लागलं. "कावळ्यानं कोनी मरत नाही."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

"मंग रेडिओत तुमी कोनाचा आवाज आयकला?"

पुंजाजीनं शिऱ्याचं पातेलं झाकलं. मग त्याला आठवलं, की वस्तीला सांगायचं राहिलं आहे. सगळी वस्ती रडून, गोड खाऊन, आपापल्या घरी निवांत बसली होती. त्यांना पुन्हा बोलवायला हवं होतं. तो भिंतीला धरून उठला, चपला न घालता बाहेर पडला, आणि पहिल्या घराची कडी त्यानं वाजवली.