चार डबे, प्रत्येकातून तीन बिस्किटं

कोरालीला हुंदका आवरला नाही, आणि बोट रेडिओच्या बटणावर असल्यानं तो साऱ्या रानानं ऐकला.

रेडिओवरच्या शाळेचा हाच जाच होता. हेन्शॉ बाई गावात माईकसमोर बसत आणि दूरदूरच्या वस्त्यांवरची मुलं आपापल्या स्वयंपाकघरात रेडिओच्या पेटीसमोर. गणित चुकलं की ते गुराख्यांपासून त्यांच्या बायकांपर्यंत सगळ्यांना कळे. म्हणून कोराली वर्षभर "समजलं" आणि बोलणं संपल्याचं "ओव्हर" एवढंच म्हणत आली होती. समजलं मात्र काही नव्हतं.

आणि उद्या परीक्षा. पास झाली तर शहरातल्या वसतिगृहात जागा. नाहीतर इथंच बेनारा वस्तीवर वासरांना दूध पाजायचं. बाबा म्हणाले होते, "एकतर पास होशील, नाहीतर नापास. निम्मी शक्यता आहेच की!"

गणित होतं: ४(क्ष − ३) = २०. बाई पहिली पायरी विचारत होत्या, तेवढ्यात धुळीचं वादळ उठलं आणि त्यांचा आवाज खरखरीत बुडाला.

"बेनारा, मी विलुगा वस्तीवरून लोबेलकाकू बोलतेय. बाई मला ऐकू येताहेत. मी मधे राहून निरोप देते. रडू नकोस गं, ओव्हर."

लोबेलकाकूंना कोरालीनं कधी पाहिलं नव्हतं. फक्त आवाज माहीत होता, आणि त्यामागं पीठ आपटल्याचा धपधप आवाज.

"कंस सोडवायचा," कोराली नाक पुसत म्हणाली. "चार क्ष वजा तीन. ओव्हर."

"थांब. मला न कळलेला निरोप मी पुढं देत नाही. एकदा दिला होता, तर डॉक्टरचं विमान भलत्याच वस्तीवर उतरलं. आधी सांग, क्ष म्हणजे कोण?"

"मेव्हिस, कशाला छळतेस पोरीला?" रेडिओवर एक पुरुषी आवाज मधेच घुसला.

"तू तुझी गुरं बघ, आर्ची!" लोबेलकाकूंनी त्याला दटावलं. "बोल गं पोरी."

कोरालीनं फळीवरच्या डब्यांकडे पाहिलं. "क्ष म्हणजे... डब्यात किती बिस्किटं आहेत ते माहीत नाही, तो आकडा. असे चार डबे, सारखे भरलेले."

"बरं. आणि ते तीन?"

"प्रत्येक डब्यातून तीन बिस्किटं काढली."

"कुणी? माझ्या पोरांनी नव्हे ना?"

कोरालीला हसू फुटलं. तिनं कागदावर चार डबे काढले, एकेकाखाली गेलेल्या बिस्किटांच्या तीन रेघा मारल्या, आणि पेन्सिल तिथंच थबकली.

"काकू, तो निरोप देऊ नका! तीन नव्हे, बारा गेली! चार क्ष वजा बारा बरोबर वीस. दोन्हीकडं बारा मिळवले की चार क्ष बरोबर बत्तीस. चारानं भागलं की क्ष बरोबर आठ. ओव्हर!"

पलीकडे धपधप थांबली. मग काकू म्हणाल्या, "बाई म्हणतात, ताळा कर."

"आठातून तीन गेले, पाच. पाच चोक वीस!"

"बाई म्हणतात, शाब्बास. आर्ची म्हणतो, आता बिस्किटं दे. ओव्हर."

त्या संध्याकाळी मटण वाढून घेताना कोराली म्हणाली, "बाबा, दोनच गोष्टी घडू शकतात म्हणून दोन्हींची शक्यता निम्मी होत नाही. लंगडा घोडाही एकतर जिंकतो, नाहीतर हरतो. त्याच्यावर पैसे लावाल?"

बाबांनी टोपी मागं सारली. "आणि तुझी शक्यता किती?"

"सकाळपेक्षा बरीच."

पेपरात कंसाची तीन गणितं आली. तिन्ही वेळा तिनं कोपऱ्यात डबे काढले. जागा मिळाली.

पुढं ती गणिताची शिक्षिका झाली. पहिल्या पगारातून बिस्किटांचा मोठा डबा घेऊन, दिवसभर धुळीचा रस्ता तुडवत ती विलुगाला पोचली. दारात एक बुटकीशी बाई उभी होती, कोपरापर्यंत पिठानं माखलेली.

"काकू, त्या दिवशी तुम्ही क्ष विचारला नसता तर मी आजही वासरंच सांभाळत असते," कोराली म्हणाली. तिनं डबा पुढं केला.

"अगं, ते क्ष मला अजून कळलेलं नाही," काकूंनी तिला पिठाच्या हातांनीच जवळ घेतलं. "तू मधेच हसलीस, तेवढं कळलं. मग म्हटलं, आता दिला निरोप तरी चालेल."