प्लगच्या वायरीचा शेजार

मित्रांनो, माझ्यापाशी मोजण्यासारखे फार थोडे आहे. एक चुंबक, त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, बाहेर येणाऱ्या दोन वायरी आणि त्या दोघींवर तारेची विणलेली जाळी. समोर फिरणारे एक लोखंडी चाक. त्याला अठ्ठावन्न दात आणि दोन दात मुद्दाम गाळून सोडलेली मोकळी जागा. मी इंजिनचे फिरणे मोजणारा एक जुना क्रँक सेन्सर आहे. दात समोरून गेला की माझ्यात विजेची लहानशी लाट उठते. गाडीचा कॉम्प्युटर त्या लाटा मोजतो, मोकळी जागा ओळखतो आणि ठिणगी कधी पाडायची ते ठरवतो.

कारखान्यात माझी पारख झाली आणि मी एका पेट्रोल गाडीत बसलो. ती गाडी आता अक्षदाताईंची आहे. त्या गुरांच्या डॉक्टर. अणदूरच्या आसपासच्या वस्त्यांवर मी त्यांना पोचवत आलो. कधी चुकलो नाही, म्हणून माझे नावही कुणाला ठाऊक नव्हते.

मग खंडेनवमी आली. पूजेसाठी ताईंचा चुलतभाऊ बजरंग याने बॉनेटखालचा भागही पुसून लख्ख केला. गाडी तोच चालवतो, त्यामुळे तिच्यावर त्याचा फार जीव. लोंबणाऱ्या वायरी त्याच्या डोळ्यांत खुपल्या. त्याने माझ्या वायरी आणि ठिणगी पाडणाऱ्या प्लगची जाड वायर यांची पिवळ्या टेपने एकच जुडी बांधली. माझ्या जाळीची शेपटी इंजिनच्या लोखंडाला जोडलेली होती. ती सोडवून आत खोचली. वर झेंडूचा हार घातला.

प्लगच्या वायरीत हजारो व्होल्टचा दाब. ती इतकी खेटून बसली की दर ठिणगीला माझ्या वायरीत खोटी लाट उठू लागली. गाडीवर जोर आला की कॉम्प्युटरला नसलेले दात दिसत. तो गोंधळे आणि इंजिन बंद करी.

त्याच आठवड्यात एका वस्तीवरच्या बानूबाईंची म्हैस विताना अडली. निघालो, पण चढावर गाडी सुरू केली की पुन्हा बंद पडे. ताई कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून पोचल्या. म्हैस वाचली, पारडू गेले.

"ताई, तुमच्या हाताला यश हाय," बानूबाई म्हणाल्या, "पर ही गाडी पाहुण्यावाणी सवडीनं येती. दुसरीचे बी दिवस भरत आल्यात. तवा म्या काय करू?"

ताईंनी गाडी ओढून सरळ गुंडप्पांच्या गॅरेजात नेली.

"सेन्सर गेलाय," गुंडप्पा म्हणाले. "टाका भंगारात."

त्यांची मुलगी वैष्णवी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. ती म्हणाली, "आप्पा, आधी नाडी तर बघू द्या की! तुमी थेट तिरडीच बांधायलाव."

तिने विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणारे यंत्र मला जोडले. बजरंगने गाडी सुरू करून ॲक्सिलरेटर दाबला. पडद्यावर माझ्या गोल लाटा उमटल्या आणि त्यांच्या मधे सुयांसारखी उभी टोके. वैष्णवीने जुडी सोडून प्लगची वायर वीतभर लांब नेली. टोके खुजी झाली. जाळीची शेपटी लोखंडाला जोडली, तशी टोके दिसेनाशी झाली. मला कुणी इतक्या शांतपणे वाचलेले मी प्रथमच पाहत होतो.

"जाळीत अडकलेल्या गोंगाटाला उतरायला वाट लागती," ती बजरंगला म्हणाली. "जाळी एकाच टोकाला जोडायची. दोन्हीकडं जोडली तर जाळीतूनच वीज फिरती."

"म्या तर गाडी नटवली व्हती," बजरंग पुटपुटला. "वायरी लोंबत्यात, बरं दिसंना."

"नटवलीस, अन् नवरी वाटंतच बसली!" अक्षदाताई म्हणाल्या. त्या दिवसांत त्या पहिल्यांदाच हसल्या.

मित्रांनो, यंत्र अडले तर त्याला लगेच टाकून देऊ नका. त्याला काय सांगायचे आहे ते आधी बघा. आणि त्याची जपणूक करताना कोणती वायर कुणाशेजारी आणि का ठेवली आहे, तेही विचारा. नुसत्या मायेने भागत नाही.

पुढच्या गुरुवारी दुपारी बानूबाईंचा फोन आला. तोच चढ होता, बजरंगने दाबून गाडी घेतली. मी एकेक दात सांगत राहिलो आणि कॉम्प्युटर ऐकत राहिला. ताई गोठ्यात शिरल्या तेव्हा पारडाचे पुढचे पाय नुसते दिसत होते. मान मागे वळलेली होती. ताईंनी हात घालून ती सरळ केली.

पारडी झाली, म्हैस आणि ती दोघी सुखरूप. बजरंगने तिला झोळीत घालून काट्याला टांगले. झोळी वजा करून वजन सव्वीस किलो भरले.