बारा फेब्रुवारीची ओळ

“हे एकेचाळीस कुठून आले?” इत्सेलने बर्फाच्या नोंदवहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

लारिसाने घाईघाईने कॉफीचा कप तोंडाला लावला. “मोजले की.”

“बारा फेब्रुवारीला? त्या दिवशी तर तुझी गाडीच सुरू झाली नव्हती. रात्री हीटरची वायर लावायला विसरलीस म्हणून दुपारपर्यंत स्वतःलाच शिव्या घालत होतीस.”

उणे अडतीसमध्ये गाडीचं इंजिन रात्रभर विजेवर शेकत ठेवावं लागतं, हे कॅनडातल्या या सस्काटूनमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि लारिसा तर इथल्याच एका शेतावर वाढलेली.

“अगं, आदल्या दिवशी चाळीस सेंटिमीटर, दुसऱ्या दिवशी बेचाळीस. मधे एकेचाळीसच असणार ना? बर्फ काय सुट्टीवर जातो?”

“असतीलही. पण आपण पाहिले नाहीत.”

साठ दिवस पाळीपाळीने बर्फाची खोली मोजायच्या प्रकल्पात एक्सचेंजची, एका सत्रापुरती परदेशातून आलेली मुलगी जोडीला मिळाली, तेव्हा लारिसाने कपाळावर हात मारून घेतला होता. या पाहुण्यांना नुसतं पास व्हायचं असतं. जानेवारीत यायचं, फोटो काढायचे, एप्रिलमध्ये भुर्रकन उडून जायचं! त्यातून ही मेक्सिकोतल्या मेरिदाची. बर्फ पाहिला तो फक्त सरबतात. पहिल्या दिवशी तिने एकावर एक इतके मोजे चढवले की पाय बुटात जाईनात.

पण हीच मुलगी आपल्या पाळीला सहाच्या बसने निघायची, शेवटच्या थांब्यापासून विद्यापीठाच्या शेतापर्यंत चालत जायची आणि सातच्या ठोक्याला तिची पट्टी बर्फात रोवलेली असायची. पापण्यांवर श्वासाची वाफ गोठलेली, आणि वर्गात आल्या आल्या सांगणार काय, तर “आज सशाची पावलं दिसली!” एक दिवस चुकला नाही तिचा. एकसुद्धा!

“तुझं काय जातंय गं?” लारिसा उसळली. “मला या प्रकल्पात ऐंशीच्या वर मार्क हवेत, नाहीतर फ्रीझन मॅडम उन्हाळ्यात संशोधनाला जाणाऱ्या उत्तरेच्या तुकडीत घ्यायच्या नाहीत. दोन वर्षं डोळा ठेवून बसलेय मी त्यावर. आणि एक नोंद राहिली की त्यांच्याकडे पाच मार्क गेलेच समज.”

“ठाऊक आहे.”

“मग?”

इत्सेलने वही तिच्याकडे सरकवली. “पाळी तुझी होती. मी खोडणार नाही, मॅडमना सांगणारही नाही. फक्त खाली सही करणार नाही.”

आवाज चढला नाही की भुवई हलली नाही. लारिसाला वाटलं, हिने भांडावं तरी! दोन दिवस तिने अबोला धरला. तिसऱ्या दिवशी रबर घेतलं आणि असं खसाखसा घासलं की कागद फाटायचाच बाकी राहिला. मग इत्सेलने सही केली.

वर्गात दोघींच्या नोंदींचा आलेख पडद्यावर आला, तो मधेच तुटलेला.

“इथे काय झालं?” फ्रीझन मॅडमनी विचारलं.

“आमची नोंद राहिली,” इत्सेल उठून म्हणाली.

आमची! लारिसा ताडकन उभी राहिली. “आमची नाही, मॅडम, माझी. गाडीची वायर लावायला विसरले.”

वर्गात खसखस पिकली. मागून कोणीतरी ओरडलं, “शेतावरची असून? बापाला सांगू नकोस, घरात घ्यायचा नाही!” मॅडमनाही हसू आवरेना. पण पाच मार्क त्यांनी कापलेच. अठ्ठ्याहत्तर.

शुक्रवारी दारावर उत्तरेच्या तुकडीची यादी लागली. सहा नावं. लारिसाने ती दोनदा वाचली. इत्सेल शेजारी उभी होती. पुढच्या वर्षी मिळेल, असलं काहीबाही ती बोलली नाही.

शनिवारी पहाटे पुन्हा बर्फ पडला. एप्रिलमध्ये! लारिसाने पडदा सारला आणि का कोण जाणे, गाडी काढून थेट विद्यापीठाचं शेत गाठलं. इत्सेल तिथे होतीच.

“अगं बाई, साठ दिवस संपले, वही जमा झाली, मंगळवारी तुझं विमान! आता कशाला?”

“रात्रीतून पडलाय. किती ते बघावं म्हटलं.”

ती गुडघ्यांवर बसली. लिहायला कागद नव्हता, म्हणून लारिसाने हातमोजा काढला आणि तळहातावर पेन टेकवलं.

“नऊ,” इत्सेल म्हणाली.

“नीट बघ.”

इत्सेलने गाल बर्फाला टेकवून पट्टीवरची रेघ पाहिली.

“साडेआठ.”

लारिसाने साडेआठ लिहिलं.