भिकाबाईला आज घाई नव्हती

बंजारा तांड्यावरची निता आडे डॉक्टर झाली, तरी अजून शिकून काहून राहिली? पुसेगावच्या पारावर हा प्रश्न गेलं वर्षभर चघळला जातोय. चघळणाऱ्यांना दुसरं काम नाही.

मला त्यांचा राग येतो. निता मानसशास्त्रात पीएच.डी. झाली, म्हणजे पुस्तकातलं मन तिला कळलं. खुर्चीत समोर बसलेलं, पदराला डोळे पुसणारं मन वेगळं असतं. ते शिकायला तिनं पुढची फेलोशिप घेतली. पेशंट बघायचे, पण जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. पुण्यात जागा मिळत होती, हिनं सेनगावचा दवाखाना मागून घेतला. तिथं शिकवणार कोण, असं सगळ्यांनी विचारलं. तेव्हा पुण्याच्या साधना मॅडम म्हणाल्या, मी शिकवते. दर आठवड्याला फोनवर त्या निताची एकेक केस ऐकायच्या, चिरफाड करायच्या, आणि मधूनच एसटीनं येऊन खोलीत बसायच्या.

अंगात आणणाऱ्या बुवाला आमच्याकडं कुणी विचारत नाही, की बाबा, तू कुठं शिकलास, तुझ्यावर देखरेख कुणाची. तो लिंबू कापतो आणि लोक पाया पडतात. शिकणाऱ्या पोरीला मात्र हसतात. असो.

त्या दिवशी साधना मॅडम आल्या त्या शेवटचं बघायला. निताचं काम पटलं तर सही करणार होत्या, आणि मग निताला एकटीनं पेशंट बघता येणार होते. तांड्याची भाषा कळणारं, मनाचा इलाज शिकलेलं माणूस त्या तालुक्यात दुसरं नव्हतंच. त्या सहीसाठी निता रात्रंदिवस राबली होती.

पेशंट भिकाबाई. निताच्याच तांड्यावरची, नवरा वसराम जाऊन वर्ष झालेलं, लेक योगेश वाळूजला कंपनीत. डोकं दुखतं म्हणून यायची. दोन शब्द बोलायची आणि उठायची. "शेळी बांधून आलीय, याडी. पिलू वरडत असंल." याडी म्हणजे आई, तांड्यावर लाडानं पोरीलाही म्हणतात. वसरामनं घेतलेली शेळी होती ती.

"काकी, ह्या मॅडम बसल्या तर चालंल का?" नितानं आधीच विचारलं.

"तुजी परीक्षा हाय व्हय?"

"व्हय."

"मंग बसू दे. म्या काय उत्तरं सांगत न्हाई तुला."

दार लावलं. निता काही विचारणार, तेवढ्यात भिकाबाई उठली, निताच्या गळ्यात पडली आणि तांड्याच्या बंजारा बोलीत, सुरात रडायला लागली. आमच्याकडच्या तांड्यांवर बाया असं रडतात. गळ्यात गळा, एकेक ओळ लांबवत, गेलेल्याला हाक मारत. दुसरीनं तसंच रडून साथ द्यायची असते. जी देत नाही ती परकी. निता क्षणभर मॅडमकडं बघत राहिली, कारण पेशंटला गळ्याशी धरून रडायचं कुठल्याच शिक्षणात बसत नाही. मग तिनं हात टाकले आणि साथ दिली.

वसरामा, मला कुणाच्या भरवशावर टाकलंस. वसरामा, मलाबी संगं ने. वसरामा, तुजी शेळी रुख्मिणीच्या दावणीला बांधली. वसरामा, घर झाडून आले.

बराच वेळ चाललं. मग भिकाबाईनं तोंड पुसलं, शांतपणे पाणी प्याली, निताच्या गालावरून हात फिरवला आणि बस स्टँडकडं निघून गेली.

"एवढी कधीच मोकळी झाली नव्हती," निता म्हणाली. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

साधना मॅडमच्या हातात पेन होतं. "मला शब्द एकही कळला नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून मी नुसतं बघत होते. निता, ही बाई शेळीसाठी लवकर उठते, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना? आज तिला घाई का नव्हती?"

"रडत होती, म्हणून..."

"काय म्हणत होती?"

"सगळ्या जणी म्हणतात तेच. मलाबी ने म्हणतात. ती म्हणायची रीत आहे, मॅडम, तिचा अर्थ..."

निता थांबली. मलाबी ने, ही रीत. पण शेळी रुख्मिणीच्या, जावेच्या दावणीला बांधली, ही कुठल्या रडण्यातली ओळ? घर झाडून आले, हे कोण म्हणतं?

ती धावत सुटली. पायात चप्पलही नव्हती.

स्टँडवर मुन्नाची जीप भरून फुरफुरत होती. भिकाबाई मागं बसलेली.

"डॉक्टरीणबाई, जागा न्हाई," मुन्ना म्हणाला. "टपावर बसता का?"

"मला जायचं न्हाई. काकी, उतरा. माजं काम राहिलं."

"अवो, आमचा टायम..."

"तू जा."

दवाखान्याच्या मागं, लिंबाखाली, निता तिच्यासमोर मातीत बसली. आडवळणानं विचारायचं नाही, हे ती शिकली होती. सरळ विचारल्यानं कुणाच्या डोक्यात विचार घुसत नाही, असलेला बाहेर येतो.

"काकी, मरायचं ठरवलंय का?"

भिकाबाईनं मातीत बोटानं रेघ ओढली. पुसली.

"व्हय," ती म्हणाली. "आज तुला भेटायलाच आल्ते. कुणी इचारलंच न्हाई, याडी."

पुढचं सगळं निता आणि मॅडम, दोघींनी मिळून केलं. निता भिकाबाईजवळून हलली नाही. मॅडमनी हिंगोलीच्या मनोविकार डॉक्टरांना फोन लावला, योगेशला बोलावून घेतलं. रुख्मिणीबाई सोबतीला आली. घरात जे धोक्याचं होतं ते तिच्या नवऱ्यानं हलवलं. मुन्ना जवळच्या गोरेगावची फेरी करून परत आला आणि न विचारता जीप हिंगोलीकडं वळवली. त्यानं भाडं मागितलं नाही, विनोदही केला नाही.

संध्याकाळी साधना मॅडम म्हणाल्या, "सही आज करत नाही."

"मी पण केली नसती," निता म्हणाली.

"साथ दिलीत ते चुकलं नाही. साथ देताना ऐकायचं सोडलंत. ते शिकायचं राहिलंय."

खोटी सही करून मोकळं होणारे आणि खोटी सही घेऊन मिरवणारे मी पोत्यानं पाहिलेत. या दोघी तशा निघाल्या नाहीत. पारावर मात्र बातमी झाली, निता नापास. मी पारावर जाऊन सांगितलं, ज्याची परीक्षा कुणी घेतच नाही तो तुमचा बुवा, तो कशाला नापास होतोय. नंतर कुणी बोललं नाही माझ्याशी. बरं झालं.

हिंगोलीचं औषध सुरू झालं. काही आठवड्यांनी भिकाबाई पुन्हा नितासमोर बसली. जरा सुकली होती.

"सही झाली का तुजी?"

"न्हाई, काकी."

"माज्यामुळं?"

"माज्यामुळं. नीट ऐकलं न्हाई म्या."

"परत घेतील परीक्षा?"

"घेतील. मिरगाच्या आत."

भिकाबाईनं विचार केला. "मंग येते तवर. तू पास व्हईस्तोर तरी येते."

"आणि नंतर?"

"आधी पास तर व्हय."

निता हसली आणि पुढचं विचारायला वाकली. भिकाबाई तोवर पदर सावरून उठली होती.

"निघते, याडी. रुख्मिणीकडून आणलीय शेळी. बांधून आलीय."