मुडद्याचं काम

कावळा काय शिवेना.

झाडावर चार-पाच बसलेले, पिंडाकडे बघत पण होते, खाली उतरायचं नाव नाही. बाबांचा दहावा. ऊन डोक्यावर आलेलं. भटजींना पुढे भांडुपला दुसरा दहावा होता.

"काहीतरी इच्छा राहिलीय. बोला कोणीतरी," ते म्हणाले.

आईने हात जोडले. "अक्षताचं लग्न चांगल्या घरात लावून देईन हो."

कावळ्याने मान फिरवली. बरं झालं, मला नकोच होतं लग्न.

कमळ आत्या पुढे आली. "नंदू, गावच्या घराची कौलां मी परतून घेतंय. आता जेव रे बाबा."

कावळा ढिम्म.

"मुलगी परत शाळेत जाईल म्हणा," भटजी म्हणाले.

माझं टाळकं सटकलं. शाळा मी सोडली ती कायमचीच. "कोणी सांगितलं तुम्हाला? आता तरी खोटं कशाला बोलायचं त्यांच्याशी?"

"म्हणान सांगी होतंय, चेडवाक हंयसर आणू नको," आत्या आईला म्हणाली. पोरीला इथे आणायलाच नको होतं म्हणे.

बाबा मुलुंडला एका टॉवरमध्ये लिफ्टमन होते. लग्नाआधी त्यांनी एका कॉमेडी पिक्चरमध्ये काम केलेलं. मुडद्याचं. मेलेल्या माणसाच्या दोन बायका निघतात आणि दोन्हीकडची माणसं तो एकच मुडदा पळवत सुटतात, कधी रिक्षातून, कधी मासळीच्या टेम्पोतून. अख्ख्या पिक्चरभर बाबा आहेत, डायलॉग एक पण नाही. थिएटरला आला कधी, गेला कधी, कळलंच नाही कोणाला. आता यूट्यूबवर पडलाय, खाली कॉमेंट सगळ्या बाबांनीच टाकलेल्या. गॅसवाला आला तरी त्याला मोबाइलवर दाखवायचे. आणि पिक्चर खरंच झकास आहे यार. मी तोंड वाकडं करून बघायला बसायची आणि हसायची.

चाळीच्या पूजेला पडद्यावर लावा म्हणून दरवर्षी मंडळाच्या मागे लागायचे. मंडळवाले म्हणायचे, "नंदूशेठ, पूजेला मयत कुठे दाखवता?"

मी कावळ्याकडे बघून बोलले, "बाबा, यंदा पूजेला तुमचा पिक्चर लावणार. कोण नाही म्हणतो तेच बघते."

एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला चोच मारून गेला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काय कळेना. माझं लग्न नको, गावचं घर नको, हे पाहिजे होतं? की कावळ्याला नुसती भूक लागलेली?

पूजेला मंडळाशी भांडून लावलाच पिक्चर. चाळ हसून हसून आडवी. आत्या तर तोंडात पदर कोंबून. मग तो सीन आला. बाबा तिरडीवर, नाकात कापूस, दोन्ही बायका ऊर बडवतायत आणि बाबांचं पोट हलतंय. हसू दाबतायत ते. डायरेक्टरने कापलंच नाही.

"ए, मुडदा हसतोय बघ," पुढची पोरं ओरडली.

मला हसू पण येईना, रडू पण येईना. घरात पण त्यांना असंच झोपवलेलं, नाकात कापूस घालून. मी पोटाकडेच बघत बसलेली. माणसं उचलायला आली तरी मी बघत होते.

पडद्याला जोडलेला लॅपटॉप माझ्या मांडीवर होता. आईने माझा हात धरला.

"मागे घे ना जरा."

मी मागे घेतलं. पोट परत हललं.

"अगं, पुढे जाऊ दे ना," मागून कोणीतरी म्हणालं.

आईने हात सोडला नाही. मी परत मागे घेतलं.